बोरूचा नव्हे, बोरीचा

आमच्या घरात एका चाकूला नाव होतं: कलमाचा चाकू. बाबांच्या कपाटातल्या वरच्या खणात, जुनी पासबुकं आणि रबरबँड वितळून एकमेकींना चिकटलेल्या पावत्या यांच्याखाली तो पडलेला असायचा. मिटल्यावर जेमतेम चार इंचांचा. पातं काळपट, मूठ पिवळसर हाडाची आणि मुठीच्या शेपटाशी हाडाचीच एक चपटी, पातळ जीभ. तो आबांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. आबा जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते. मास्तरांचा चाकू आणि नाव कलमाचा, म्हणजे बोरू तासायचा. यात आणखी विचार करण्यासारखं काही असेल असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. ती हाडाची जीभ कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "कागदाची घडी दाबायला," बाबा म्हणाले होते. तेही पटलं होतं.

२०१६ साली बाबा गेले. वर्षश्राद्ध आटोपल्यावर कपाट आवरताना तो चाकू माझ्या वाट्याला आला. खरं तर दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून आला. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा, पुण्यात हिशेबनीस, हातांनी करायच्या सगळ्याच कामांत ढ. वाडवडिलांची वस्तू हातात आली की ती आधी चकाचक करायची, एवढंच मला ठाऊक होतं. तांब्याचा बंब काय, समई काय, आमच्याकडे सगळं असंच व्हायचं.

घराजवळच्या एका बफिंगवाल्याकडे गेलो. त्याने चाकू उलटसुलट पाहिला आणि "चाळीस रुपये" म्हणाला. मोटारीला लावलेलं कापडाचं चाक सुरू केलं, त्यावर हिरव्या मसाल्याची वडी टेकवली आणि पातं धरलं. चाकाखालून काळं पाणी सुटावं तशी काळी मळी उडायला लागली. जळक्या मेणासारखा वास आला. दोन मिनिटं एक बाजू, दोन मिनिटं दुसरी, मग मुठीवरूनही एक हात. पातं आरशासारखं झालं, त्यात मला माझी मिशी दिसली. मी खूश. त्याला वर दहा रुपये दिले. आजही ते दहा रुपये मला चाळिसांपेक्षा जास्त टोचतात.

तीन आठवड्यांनी ऑफिसातल्या एकाने विचारलं, "कुठल्या कंपनीचा आहे?" घरी येऊन भिंग घेतलं. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे, बुडाशी, बनवणाऱ्याचा ठसा असतो. आबांच्या चाकूच्या बुडाशी आता चकाकी होती. आधी काढलेल्या एका फोटोत दोन ओळी अक्षरं होती हे नक्की दिसत होतं, पण फोटो हललेला. उजेड तिरका पाडून, डोळे बारीक करून शेवटची तीन अक्षरं लागली: एन, ओ, आर. खालच्या ओळीत सुरुवातीला एस-एच असावं. साठ-सत्तर वर्षं गंजाने, घामाने, मातीने जे पुसलं नव्हतं ते मी पन्नास रुपयांत पुसून आणलं होतं.

ती तीन अक्षरं शोधायला निघालो आणि त्यातून हा नाद लागला.

नाद लागलेल्या माणसाचं पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच असतं. दिसेल ते घ्यायचं. जत्रेतला पन्नास रुपयांचा पत्र्याचा चाकू घेतला, किल्लीच्या आकाराचा घेतला, काडेपेटीएवढा घेतला. लाल मुठीवर पांढरा क्रॉस पाहून एक 'स्विस' चाकूही घेतला. तो घरी आणल्यावर दातकोरणं ओढलं तर त्याच्याबरोबर मुठीचा अर्धा लाल पत्रा हातात आला. मग अस्सल चाकू दुकानात जाऊन पाहिला. व्हिक्टोरिनॉक्सच्या मुठीतला क्रॉस वरून छापलेला नसतो, आत बसवलेला असतो. पात्याच्या बुडाशी नाव स्वच्छ उमटलेलं असतं, आणि पातं मिटताना असा एक खणखणीत 'टक्क' येतो की परत परत मिटावंसं वाटतं. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावात कारखाना काढला, १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू दिले आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध, जास्त अवजारांचा 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदवला. एल्सनर यांच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादाला फ्रेंचमध्ये इनॉक्स. दोन्ही जोडून कंपनीचं नाव झालं. हे सगळं मला नकली चाकूने शिकवलं, त्यामुळे तो मी अजून टाकलेला नाही.

त्याच वर्षातला मोठा फटका म्हणजे 'दमास्कस'. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, किंमत अडीच हजार, एका ऑनलाइन विक्रेत्याकडून. खरी नक्षी दोन वेगळ्या जातींचं पोलाद थरावर थर ठोकून जोडलेलं असतं म्हणून दिसते; ती पात्याच्या अंगातच असते. कितीही घासा, आम्लात बुडवलं की पुन्हा वर येते, कारण एक जात जास्त काळी पडते, दुसरी कमी. नकली नक्षी नुसती वरून कोरलेली किंवा छापलेली. वाचून कळलं तशी खाज सुटली. तपकीर गल्लीत गेलो, जिथे रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग मिळतात. सर्किटच्या पाटीवरचं नको असलेलं तांबं विरघळवायला फेरिक क्लोराइड वापरतात, ते तिथे सहज मिळालं. पात्याचा बोटभर भाग पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला, लाटा गेल्या. मग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात पंधरा मिनिटं. बाहेर काढलं तर पातं एकसारखं करडं, एकही लाट नाही. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "अहो, अडीच हजाराचा ना हा?" एवढंच म्हणाली. बेसिनला पडलेला पिवळा डाग मात्र अजून आहे, आणि त्याची आठवण मला महिन्यातून एकदा तरी करून दिली जाते.

आईचा विरोध वेगळ्या कारणाने होता. मी टीव्ही पाहता पाहता चाकू उघडमीट करत बसायचो. "रिकामी कात्री चालवू नये, तसा रिकामा चाकूही वाजवू नये. घरात भांडणं होतात." भांडणं होतच होती, पण त्याचं कारण फेरिक क्लोराइड होतं.

खरं शिक्षण मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात झालं. तो रविवारी आणि बुधवारी भरतो. जमिनीवर ताडपत्री, त्यावर नळाच्या तोट्या, बंद पडलेली घड्याळं, कुलुपं, चाव्यांचे जुडगे, एकेक बूट. त्यात एक म्हातारे गृहस्थ बसायचे, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्याकडे बिस्किटांच्या डब्यात पंधरा-वीस चाकू असायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यातला सगळ्यात चकचकीत उचलला. मामांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"हा परवा मीच घासलाय. तुम्हाला विकायला." मग डब्याच्या तळाचा एक काळाकुट्ट काढून दिला. "हा बघा. उघडा. घाई नको."

उघडला.

"आता मिटा. उघडताना कुठलाही चाकू बरा वाटतो. मिटताना ऐका."

मामांनी चार-पाच रविवारांत जे सांगितलं ते असं काही एका दमात सांगितलं नाही. गिऱ्हाईक, चहा, तंबाखू यांच्या मधूनमधून सांगितलं. पातं अर्धं मिटून सोडलं की कमानीने, म्हणजे मुठीतल्या स्प्रिंगने, त्याला उरलेलं अंतर स्वतः ओढून न्यायला हवं. पातं अंगठ्यात आणि तर्जनीत धरून डावीउजवीकडे हलवायचं. डुलत असेल तर रिबीट झिजली. ती ठोकून घट्ट करता येते, पण ठोकलेल्या रिबिटीभोवती मूठ तडकते, तेही बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पात्यात किती जीव शिल्लक आहे ते. नख अडकवून पातं उघडायची खाच असते ना, ती धारेपासून किती दूर आहे ते पाहायचं. सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याने आणि पिढ्यान्पिढ्या मालकांनी घासून घासून धार खाचेच्या जवळ आणली असेल तर पातं संपत आलेलं. मिटल्यावर ते मुठीच्या खोबणीत नको तितकं खोल बुडतं.

"आणि पुसू नका," मामा म्हणाले. "तेलाचा हात द्या. काळेपणा हा गंज नाही. लाल तो गंज. काळं ते कातडं आहे त्याचं."

मी आबांचा चाकू खिशातून काढून दाखवला. मामांनी पात्यावरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या काळ्याकुट्ट चाकूचे त्यांनी सहाशे सांगितले, साडेतीनशेला दिला. दोन पात्यांचा, मुठीवर शिंगाच्या पट्ट्या, म्हशीच्या. ठसा शाबूत. रॉजर्स, शेफील्ड, बाजूला तारा आणि माल्टीज क्रॉस. रॉजर्स ही इंग्लंडमधल्या शेफील्ड या चाकूंच्या शहरातली नावाजलेली पेढी, आणि ही तिची खूण १६८२ सालची. मी आठवडाभर हवेत होतो. मग लक्षात आलं की रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मध्ये डी असतो आणि माझ्या चाकूवर तो नाही. कुणा नक्कल करणाऱ्याने एक अक्षर वाचवलं होतं. पुढच्या रविवारी मामांना सांगितलं तर ते हसले. "म्हणून साडेतीनशे."

ठसा वाचायला शिकणं हा या नादातला मला सगळ्यात आवडलेला भाग. हिशेबनिसाला आवडणारच. अमेरिकेने १८९० मध्ये कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं. त्यामुळे शेफील्डच्या चाकूंवर 'इंग्लंड' हा शब्द त्यानंतर सर्रास दिसायला लागतो. नुसतं 'शेफील्ड' असेल तर चाकू त्याआधीचा असू शकतो. असू शकतो इतकंच, कारण सगळाच माल अमेरिकेला जात नव्हता. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर असतील तर राणी व्हिक्टोरिया, म्हणजे १९०१ पर्यंत. जी-आर म्हणजे कुठला तरी जॉर्ज. झोलिंगेनचं नाव असेल तर जर्मन. तिथला एक पत्र्याच्या काळ्या मुठीचा, सडपातळ चाकू माझ्या भाच्याने आणला. त्याच्या मुठीवर उडी मारणारं मांजर आणि के-५५-के असं कोरलेलं आहे. तो मूळ ज्या काउफमान यांच्या कारखान्यात बनायचा त्या कारखान्याचं नावच 'इंडियावेर्क' होतं, म्हणजे 'इंडिया कारखाना'. झोलिंगेनमधला कारखानदार त्याच्या कारखान्याला भारताचं नाव देतो आणि तो चाकू शंभरेक वर्षांनी कात्रजला येतो, याची मला उगाचच गंमत वाटते.

भाच्याची गोष्ट निघाली तर एक सांगून ठेवतो. चाकू विमानात नेहमी खाली सोडायच्या बॅगेतच. त्याने पहिल्या खेपेला खिशातल्या चाकूवर पाणी सोडलं आहे. मीही एकदा मेट्रोत चढायला गेलो आणि बॅग यंत्रातून जाताच थांबवला गेलो. आत आबांचा चाकू. सुरक्षारक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, एवढा छोटा असला तरी चालत नाही." परत जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेवून आलो.

यामुळे कायदा वाचला, आणि तो आधीच वाचायला हवा होता. शस्त्र कायदा १९५९ चा, सध्याचे नियम २०१६ चे. त्यात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असलेले चाकू, सुरे शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतीची, शास्त्रीय, औद्योगिक कामाची पाती वगळून. माझ्या संग्रहात साडेतीन इंचांवरचं काहीच नाही. पण म्हणून खिशात घालून गावभर हिंडावं असं नाही. पोलीस आयुक्तांचे मनाई आदेश अधूनमधून निघतात, त्यात चाकूही येतो, आणि वर्तमानपत्रात 'चाकूचा धाक दाखवून' हे तीन शब्द इतके एकत्र नांदतात की चाकू म्हटल्यावर लोकांना काकडी आठवत नाही. त्यात आमच्या पुण्याची कोयत्याच्या बातम्यांनी शोभा झालेली. शेजाऱ्यांना मी बराच काळ 'जुनी अवजारं' जमवतो असंच सांगत होतो. रामपुरी मी याच कारणाने घेतला नाही. घ्यावासा वाटला नाही असं नाही. सिनेमातल्या खलनायकांनी त्याला बदनाम केलं, नव्वदच्या दशकात उत्तर प्रदेशात साडेचार इंचांवरच्या पात्यावर बंदी आली आणि कारागिरांचा धंदा बसला. २०२३ मध्ये त्याच रामपुरात 'चाकू चौक' झाला आणि तिथे वीस फुटी चाकू उभा केला. आता तो बघायला जायचं आहे.

दुसरा कायदा वन्यजीवांचा, १९७२ चा. हस्तिदंताच्या मुठीचा चाकू कितीही जुना आणि कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावायचा नाही. त्याची खरेदी-विक्री बंद आहे. सांबरशिंगालाही मी दुरूनच नमस्कार करतो. आबांच्या चाकूची पिवळसर मूठ आठवून मला एका रात्री घाम फुटला. भिंग घेऊन बसलो. हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडात काळपट ठिपके आणि बारीक चिरा दिसतात, कारण त्यातून कधीकाळी रक्त वाहिलेलं असतं. ठिपके दिसले. झोप लागली.

सांभाळायचं कसं, हे मात्र मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. पहिल्या पावसाळ्यात चाकू कातड्याच्या पाकिटांत घालून, पाकिटं स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं होतं. गणपतीत उघडलं तेव्हा पात्यांवर तांबूस शिंतोडे आणि पितळ सगळं कळंकलेलं. कातडं दमटपणा धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेली द्रव्यंही धातूला खातात. पाकीट चाकू वापरायला, ठेवायला नाही. त्याच डब्यातल्या एका चाकूच्या शेजारचे तिन्ही मात्र जास्तच गंजले होते. तो कुठल्या तरी औषध कंपनीने वाटलेला, कासवाच्या पाठीसारख्या रंगाच्या सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकच्या, मुठीचा. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजायला लागतं आणि त्यातून आम्लाची वाफ सुटते. स्वतः तर जातंच, शेजाऱ्यांनाही घेऊन जातं. आता तो गॅलरीत एकटा राहतो.

तेल म्हणून मी आधी खोबरेल लावलं. घरात तेच होतं. डिसेंबरात एका सकाळी चाकू उघडेचनात. खोबरेल थंडीत गोठतं हे मराठी माणसाला मी सांगायची गरज नाही, पण ते चाकूच्या सांध्यातही गोठतं हे मला सुचलं नव्हतं. तेव्हापासून शिलाई मशीनचं तेल, सांध्यात एक थेंब आणि पात्यावर ओलसर हात. बुटांच्या खोक्यांत मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवतो. त्या दमल्या की आतले दाणे मंद आचेवर जुन्या तव्यात परतून पुन्हा भरतो. बायकोने तो तवा मला देऊन टाकला आहे.

ओपिनेलची तऱ्हा आणखी वेगळी. जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगराळ भागात काढलेला, बीच लाकडाच्या मुठीचा साधासुधा शेतकरी चाकू. १९५५ पासून पातं अडकवून ठेवणारं कडं त्याला आलं. माझ्याकडचा आठ नंबरचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं आतच आवळलं जातं, नखाने ओढून नख तुटायची वेळ. त्यावर साव्हुआतल्याच लोकांचा इलाज आहे. मिटलेल्या चाकूचं शेपूट टेबलावर ठोकायचं, की पात्याचं टोक थोडं वर येतं. पुण्याच्या जुलैत मी तो दारच्या उंबऱ्यावर ठोकायचो. आईने उंबऱ्यावर ठोकायला बंदी घातली, म्हणून आता ओट्यावर.

तीन वर्षांत ऐंशीच्या वर चाकू झाले. मग एका रविवारी मामांनी विचारलं, "तुम्ही नक्की काय जमवताय?" मला सांगता येईना. घरी येऊन सगळे पलंगावर मांडले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तू कुणाचा? ज्याचं उत्तर 'कुणाचाच नाही, दुकानाचा' असं आलं तो बाजूला. उरले ते कुठल्या ना कुठल्या धंद्याचे. तारेचं वेष्टण सोलायचा वायरमनचा. वाकड्या चोचीचा, फांद्या छाटायचा माळ्याचा. जाड पात्याचा, टोक बोथट असलेला खलाशाचा. आणि बोरू तासायचे इवलेसे, ज्यांना जुन्या दफ्तरांत कलमतराश म्हणत. सव्वीस राहिले. बाकीचे विकले, वाटले. कुणाला चाकू द्यायचा तर आई हातात देऊ द्यायची नाही, टेबलावर ठेवायला लावायची आणि समोरच्याकडून रुपया घ्यायला लावायची. त्या वर्षी खंडेनवमीला विळी, कात्री आणि शिलाई मशीन यांच्या ओळीत तिने स्वतःहून माझे सव्वीस मांडले आणि प्रत्येकाला हळदकुंकू लावलं. ते पुसायला मला दोन दिवस लागले.

गंमत ही की कलमतराशांच्या रांगेत आबांचा चाकू शोभेना. बोरूच्या चाकूचं पातं बारीक, निमुळतं. आबांच्या चाकूचं रुंद, धार सरळ आणि टोकाशी किंचित वर वळलेली. आणि ती जीभ. कुठल्याच कलमतराशाला ती जीभ नव्हती.

मग एका रविवारी मामांच्या डब्यात त्याचा भाऊच सापडला. तीच जीभ, तेच पातं, मूठ थोडी तडकलेली, ठसा स्वच्छ: सेनॉर, शेफील्ड. एन-ओ-आर. मी तिथेच ताडपत्रीवर बसलो. सेनॉर ही शेफील्डची बागकामाच्या चाकूंसाठी प्रसिद्ध पेढी. मामांनी माझ्या हातातून चाकू घेतला, मिटला, आणि ती जीभ माझ्या मनगटावर कातडीखाली सरकवावी तशी फिरवली. "साल उचलायला. डोळा भरायचा चाकू आहे हा. गुलाबवाले वापरतात."

घरी येऊन आत्याला फोन केला. ती धरणगावला असते, ऐंशीच्या पुढची.

"आत्या, आबांचा तो बोरू तासायचा चाकू..."

"कुठला बोरू? आबा टाकाने लिहायचे. बोरूचा नव्हे रे, बोरीचा चाकू तो!"

मग ती अर्धा तास बोलत होती. शाळेच्या मागे रानबोरी होत्या, काट्याच्या, आंबट बोरांच्या. आबा उन्हाळ्यात त्या बुडाशी छाटायचे. पावसाळ्यात नवे धुमारे आले की त्यांच्या सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद द्यायचे, जिभेने साल दोन्हीकडे उचलायचे, मेहरूणच्या गोड बोरीचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, काढून आत सरकवायचे आणि केळीच्या सोपटाने बांधायचे. "मी सोपटं भिजवून हातात द्यायचे. सगळ्या गावाच्या बोरी त्यांनी गोड केल्या. पैसे नाही घेतले कुणाचे. कलमं करणारे मास्तर म्हणायचे त्यांना." बाबा शिकायला लहानपणीच जळगावला राहिले, त्यांना यातलं फारसं ठाऊक नव्हतं. त्यांनी 'कलम' हा शब्द ऐकला आणि मास्तरांच्या मुलाने लावावा तोच अर्थ लावला.

दिवाळीनंतर चाकू घेऊन धरणगावला गेलो. आत्या ओसरीवर बसली होती. मी तो तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. तिने उचलला, उजव्या अंगठ्याच्या नखाने उघडला, उजेडात धरला आणि परत ठेवून दिला.

"हा आबांचा नाही."

"आत्या, हाच. जीभ बघ की."

"आबांचा काळा होता."

मला सांगावं लागलं. बफिंग, पन्नास रुपये, सगळं. ती काही वेळ पात्यात स्वतःकडे बघत बसली. मग आत हाक मारून सुनेकडून लिंबू मागवलं. माझ्याकडूनच कापून घेतलं, दोन फोडी. त्या पात्याच्या दोन्ही बाजूंनी घासायला लावल्या आणि तसाच, न पुसता, रात्रभर परातीत ठेवायला सांगितला. "विळी नवी आणली की आम्ही हेच करायचो. कैरी असती तर लवकर धरलं असतं."

सकाळी पाहिलं तर पात्यावर निळसर करडी झाक आली होती, ढगासारखी, मध्येच एका ठिकाणी लिंबाच्या फोडीची पाकळी उमटलेली. मी तो धुऊन, पुसून तेल लावायला घेतला, तर आत्या म्हणाली, "राहू दे. अजून एक लिंबू आहे."